सिसप्लॅटिनच्या गोष्टीतील गाळलेली पाने

विज्ञान दिनाच्या भाषणांत, शाळेच्या भित्तिपत्रकांत आणि आपल्यासारख्यांच्या लेखांतही एका औषधाची गोष्ट हमखास भेटते. अमेरिकेतील एक शास्त्रज्ञ जीवाणूंवर विजेचा प्रयोग करत होते. जीवाणूंचे विभाजन अचानक थांबले. शोध घेता कळले की ही करामत विजेची नाही. प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांतून विरघळलेल्या धातूची ती होती. विभाजन थांबवणारा पदार्थ म्हणजे कर्करोगावरचे औषध! अशा रीतीने योगायोगाने सिसप्लॅटिन सापडले आणि असंख्य रुग्णांचे प्राण वाचले. गोष्ट संपते, टाळ्या होतात.

ही गोष्ट आम्हीही अनेकदा सांगितली आहे, आणि याच शब्दांत. एकदा शाळा सुटल्यावरच्या विज्ञान मंडळात ती सांगून झाली, तेव्हा नववीतल्या एका मुलाने विचारले, “सर, माझ्या आजोबांना हेच औषध सलाइनमधून देत होते. तोंडाचा कॅन्सर होता. मग ते का नाही वाचले? गावात सगळे म्हणतात, केमोनेच गेले.”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ‘उशीर झाला असेल’ असे काहीतरी पुटपुटून आम्ही वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र ती गोष्ट पुन्हा तपासून पाहावीशी वाटली. तिच्यात खोटे असे काही नाही. पण तिची मधली पाने गाळलेली आहेत, आणि त्या मुलाचे उत्तर नेमके त्याच पानांत होते. विज्ञानकथा सांगण्याच्या आपल्या या रूढ पद्धतीचे परीक्षण करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

योगायोग किती, काम किती?

पहिली तक्रार ‘योगायोग’ या शब्दाविषयी. बार्नेट रोझेनबर्ग हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. १९६१ मध्ये ते मिशिगन स्टेट विद्यापीठात आले. विभाजन होत असलेल्या पेशीची चित्रे पाहताना त्यांना पेशीतील तंतूंची मांडणी ओळखीची वाटली. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकला की ज्या वक्र रेषा उमटतात, तशीच ती दिसत होती. मग पेशीच्या विभाजनावर विद्युतक्षेत्राचा परिणाम होत असेल का? प्रयोग सुरू झाला तो या प्रश्नातून. पुढे पाहता ही कल्पना काही फळाला आली नाही. पण तिच्यामुळे प्रयोग उभा राहिला, हे विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे. चुकीच्या अंदाजाचाही उपयोग होतो. फक्त तो तपासण्याजोगा असावा लागतो.

प्लॅटिनमचे अग्र घेतले कारण हा धातू सहसा कशाशी अभिक्रिया करत नाही, अशी सर्वांची समजूत. ई. कोलाय जीवाणूंच्या द्रावणातून प्रत्यावर्ती विद्युतधारा सोडली, तेव्हा ते जीवाणू शेवयांसारखे लांबत गेले. काही तर नेहमीच्या लांबीच्या ३०० पटींपर्यंत पोचले. म्हणजे त्यांची वाढ चालू होती, विभाजन तेवढे थांबले होते. वाढ आणि विभाजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण जीवशास्त्राच्या तासाला सांगतो खरे, पण त्याचे इतके ठसठशीत उदाहरण क्वचितच मिळते.

योगायोग म्हणायचा तर तो एवढाच. यानंतरचे सारे काम आहे. हा परिणाम विजेचा की आणखी कशाचा? यासाठी त्यांनी जी तुलना केली ती कोणत्याही शाळेत समजावून देता येईल. द्रावणातून आधी वीज सोडली, मग ती बंद केली आणि त्यानंतर त्या द्रावणात जीवाणू सोडले. वीज नसतानाही जीवाणू लांबले. याचा अर्थ, विजेने द्रावणात काहीतरी निर्माण केले होते आणि परिणाम त्या ‘काहीतरी’चा होता. द्रावणात अमोनियम क्लोराइड होते. प्लॅटिनमच्या सूक्ष्म अंशाशी त्याचा संयोग होऊन प्लॅटिनमची संयुगे बनली होती. हा निष्कर्ष १९६५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यानंतर आणखी एक गाठ सुटायची होती. प्लॅटिनमचे अपेक्षित संयुग बाटलीतून काढून ताजे वापरले तर जीवाणू लांबत नसत. तेच द्रावण बरेच दिवस तसेच ठेवले की मात्र परिणाम दिसू लागे. फरक कशाचा? प्रकाशाचा. प्रकाश पडल्यावर त्या संयुगातील काही क्लोरीनच्या जागी अमोनियाचे रेणू येत होते. मग अशी संयुगे एकेक करून बनवली आणि तपासली, तेव्हा कळले की अमोनियाचे दोन रेणू शेजारीशेजारी असतील तरच काम होते, समोरासमोर असतील तर होत नाही. पहिल्याला ‘सिस’ म्हणतात, दुसऱ्याला ‘ट्रान्स’.

यातली गंमत अशी की सिसप्लॅटिन हे संयुग नवे नव्हतेच. इटलीचे रसायनज्ञ मिकेले पेरोने यांनी ते १८४० च्या दशकातच बनवले होते. आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये अशा संयुगांची रचना उलगडली आणि १९१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे औषध शंभराहून अधिक वर्षे बाटलीत होते. त्याला विचारायचा प्रश्न तेवढा कोणाला सुचला नव्हता. ‘योगायोगाने सापडले’ असे सांगून आपण मुलांना नशिबाची वाट पाहायला शिकवतो. तुलना कशी केली, शंका कशी फेडली हे सांगितले, तर तीच गोष्ट प्रयोगाचा धडा होते.

सलाइनची बाटली आणि आपले पाठ्यपुस्तक

दुसरी तक्रार अशी की या गोष्टीत औषध ‘काम करते’ एवढेच सांगितले जाते. कसे काम करते, हे सांगण्यासारखे सोपे असूनही वगळले जाते. खरे तर आपल्या अभ्यासक्रमातील कितीतरी गोष्टी या एका बाटलीत एकत्र आलेल्या आहेत.

सिसप्लॅटिनच्या रेणूत मध्ये प्लॅटिनमचा एक अणू, त्याच्या एका बाजूला अमोनियाचे दोन रेणू आणि दुसऱ्या बाजूला दोन क्लोरीन असतात. हे सारे एकाच प्रतलात, चौरसाच्या कोपऱ्यांवर. रेणुवस्तुमान ३००, त्यापैकी १९५ प्लॅटिनमचे; म्हणजे वजनाने ६५ टक्के औषध हा धातूच आहे.

हे औषध शिरेवाटे, मिठाच्या पाण्यात मिसळून सावकाश देतात. साधे ग्लुकोजचे पाणी का चालत नाही? रक्तात क्लोराइड आयनांचे प्रमाण दर लिटरला सुमारे १०० मिलिमोल असते, पेशीच्या आत मात्र ते याच्या कितीतरी कमी. भोवती भरपूर क्लोराइड असले की रेणूतील क्लोरीन जागच्या जागी राहतात. पेशीत शिरताच क्लोराइड कमी पडते, क्लोरीन सुटतात, त्यांच्या जागी पाणी येते आणि रेणू धनप्रभारित होऊन क्रियाशील बनतो. ल शातेलिए यांचे समतोलाचे तत्त्व शिकवताना याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. नेहमीच्या ०.९ टक्के सलाइनमध्ये क्लोराइडचे प्रमाण रक्तापेक्षाही जास्त, लिटरमागे १५४ मिलिमोल असते. त्यामुळे औषध बाटलीत टिकून राहते.

पेशीत क्रियाशील झालेला हा रेणू डीएनएच्या साखळीतील शेजारशेजारच्या दोन ग्वानीनना एकदम धरतो. साखळी त्या जागी वाकते. तिची नक्कल करताना पेशीची यंत्रणा तिथे अडते आणि इजा दुरुस्त झाली नाही तर पेशी स्वतःलाच संपवते. ‘ट्रान्स’ रेणूचे दोन हात विरुद्ध दिशांना असल्यामुळे त्याला शेजारच्या दोघांना अशी मिठी घालता येत नाही. चार काड्या, चिकणमातीचा एक मोठा गोळा आणि दोन रंगांचे चार लहान गोळे एवढ्या सामग्रीवर हे वर्गात करून दाखवता येते. अणू तेच, संख्या तीच. केवळ जागा बदलल्याने एक औषध ठरते आणि दुसरे निरुपयोगी, हे मुले विसरत नाहीत.

आणखी एक बारीकशी सूचना परिचारिकांना शिकवलेली असते. या औषधासाठी ॲल्युमिनियमचा भाग असलेली सुई किंवा साधन वापरायचे नाही. का? दहावीची धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी आठवावी. ॲल्युमिनियम प्लॅटिनमला संयुगातून बाहेर काढतो, काळा साका खाली बसतो आणि औषध वाया जाते. मोरचुदाच्या द्रावणात खिळा टाकून आपण जे दाखवतो, तेच हे.

विजयाआधीची वर्षे

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे. आपली गोष्ट जीवाणूंवरून उडी मारून थेट ‘असंख्य प्राण वाचले’ येथे पोचते. या उडीखाली जी वर्षे दबली, ती पाहू.

१९६९ मध्ये रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या अर्बुदांवर प्लॅटिनमची संयुगे चालतात हे प्रसिद्ध केले. जड धातू शरीराला घातक, त्यांना औषध म्हणून कोण हात लावणार, अशी शंका तज्ज्ञांतही होती, आणि ती निराधार नव्हती. १९७१ पासून रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, ऐकू येईनासे होऊ लागले आणि उलट्या इतक्या की रुग्ण उपचार सोडून जात. औषध मागे पडण्याची वेळ आली होती.

ते वाचले एका अगदी साध्या उपायाने. औषधाच्या आधी आणि नंतर शिरेवाटे भरपूर सलाइन द्यायचे, सोबत लघवी वाढवणारे मॅनिटॉल द्यायचे. मूत्रपिंडांतून औषध पातळ होऊन लवकर वाहून जाते आणि इजा कमी होते. न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी १९७० च्या दशकात बसवलेली ही पद्धत नसती, तर मिशिगनमधला शोध कपाटातच राहिला असता. पण पाणी देणाऱ्यांचे नाव कोणत्याही शोधकथेत येत नाही.

१९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठातील लॉरेन्स आइनहॉर्न यांनी वृषणाचा पसरलेला कर्करोग असलेल्या तरुणांना सिसप्लॅटिनसोबत आणखी दोन औषधे दिली. त्यापैकी विनब्लास्टिन आपल्या अंगणातल्या सदाफुलीत सापडते, तर ब्लिओमायसिन मातीतल्या जीवाणूंपासून मिळते. या अवस्थेतील दहा जणांपैकी पूर्वी जेमतेम एखादा वाचत असे. या मिश्रणानंतर सातआठ वाचू लागले. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत वृषणाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी या औषधाला परवानगी मिळाली. आपल्या गोष्टीतला ‘विजय’ तो हा, आणि तो खराही आहे. पण तो मुख्यतः एका कर्करोगावरचा विजय आहे. वृषणातील त्या पेशी डीएनएला झालेली ही इजा दुरुस्त करण्यात कच्च्या असतात, म्हणून औषधाला पटकन बळी पडतात. इतर अनेक कर्करोगांच्या पेशी इतक्या भोळ्या नसतात. काही औषधाला आत येऊ देत नाहीत, काही त्याला गंधकयुक्त रेणूंनी बांधून टाकतात, काही डीएनएची डागडुजी करून पुन्हा कामाला लागतात.

‘कर्करोग’ हा एक रोग नाही, असे आपण एका वाक्यात सांगून मोकळे होतो. एकच औषध, एकच रेणू, आणि निकाल मात्र दहा ठिकाणी दहा प्रकारचे, हे दाखवल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही.

शंभरात आठ

मग मुंबईकडे वळू. गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्याकडील असंख्य स्त्रियांना गाठतो आणि अनेकींत तो पुढच्या अवस्थेतच कळतो. अशा ‘तीन-ब’ अवस्थेतील ८५० स्त्रियांवर टाटा स्मारक रुग्णालयाने एक चाचणी केली. २००३ ते २०११ या काळात या स्त्रिया तिच्यात सहभागी झाल्या. निम्म्यांना केवळ किरणोपचार दिले, निम्म्यांना किरणोपचारांसोबत आठवड्याला एकदा सिसप्लॅटिन. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर पहिल्या गटातील ४६ टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटातील ५४ टक्के.

शंभरात आठ. भाषणात हा आकडा सांगितला तर टाळी पडणार नाही. पण या आठ जणी खऱ्या आहेत, आणि त्या मोजण्यासाठी ८५० स्त्रियांची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी लागली. सिसप्लॅटिन दिलेल्या शंभरांपैकी ४६ जणी तरीही वाचल्या नाहीत, हेही त्याच नोंदीत आहे. दोन्ही आकडे एका दमात सांगता आले पाहिजेत.

त्या मुलाच्या आजोबांच्या आजाराविषयीची चाचणीही टाटा रुग्णालयातलीच आहे. डोके व मान या भागांतील कर्करोगाचे ३०० रुग्ण. बहुतेक तोंडाच्या कर्करोगाचे आणि शस्त्रक्रिया झालेले. प्रश्न मात्रेचा होता. किरणोपचारांसोबत शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला ३० मि.ग्रॅ. सिसप्लॅटिन दर आठवड्याला द्यावे, की १०० मि.ग्रॅ. दर तीन आठवड्यांनी? दर आठवड्याची लहान मात्रा सोसायला सोपी म्हणून अनेक ठिकाणी तीच रूढ होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार दोन वर्षांनंतर आजार त्या भागात आटोक्यात राहिल्याचे प्रमाण लहान मात्रेत ५८.५ टक्के, तर मोठ्या मात्रेत ७३.१ टक्के होते. मात्र तीव्र दुष्परिणामही मोठ्या मात्रेतच अधिक होते, ८४.६ टक्के, लहान मात्रेत ७१.६ टक्के. पुढे २०२२ मध्ये जपानमधील एका चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना आठवड्याला ४० मि.ग्रॅ. ही मात्रा दिली, आणि ती तीन आठवड्यांच्या १०० मि.ग्रॅ.हून कमी ठरली नाही. म्हणजे ३० आणि ४० यांतला फरकही महत्त्वाचा असू शकतो. विज्ञान इथे असे दहा-दहा मिलिग्रॅमनी पुढे सरकते.

‘रामबाण औषध’ आणि ‘केमो म्हणजे विष’ ही दोन्ही वाक्ये एकाच उणिवेतून जन्मतात. दोन्हींत मात्रा नाही, रोगाचे नाव नाही, अवस्था नाही आणि तुलना नाही. हे औषध विषारी आहे, यात वाद नाही. ते न देता काय झाले असते, हा प्रश्न मात्र दोन्ही वाक्यांत विचारलेला नसतो. आणि विषारीपणही कमी करता येते. उलट्यांवर १९९० च्या दशकापासून परिणामकारक औषधे मिळू लागली. लहान मुलांच्या यकृताच्या एका कर्करोगात सिसप्लॅटिन दिल्यानंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिले, तर बहिरेपणाचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर येते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. हे थायोसल्फेट म्हणजे प्रयोगशाळेतला, जुन्या छायाचित्रकारांचा ‘हायपो’. त्यातील गंधक प्लॅटिनमला पकडून ठेवतो.

नोंदवहीचे मोल

आणखी एक पान अलीकडचे आहे आणि ते आपल्याच देशातले आहे. सिसप्लॅटिन आता जुने, स्वस्त औषध झाले आहे. अमेरिकेला लागणाऱ्या साठ्याचा मोठा वाटा गुजरातमधील एका कारखान्यातून जात असे. २०२२ च्या अखेरीस अमेरिकी औषध प्रशासनाचे निरीक्षक तिथे गेले, तेव्हा गुणवत्तेच्या नोंदींचे कागद फाडून टाकलेले आढळले. उत्पादन थांबले आणि २०२३ मध्ये अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत हे औषध कमी पडले. कोणाला ते आधी द्यायचे, हे डॉक्टरांना ठरवावे लागले. ज्या देशातील रुग्णालयाने ८५० स्त्रियांच्या नोंदी वर्षानुवर्षे सांभाळल्या, त्याच देशातल्या एका कारखान्यात नोंदी फाडल्या गेल्या. प्रयोगवहीतील खाडाखोड पाहून आपण मुलांना रागावतो; ‘निरीक्षण आले तसे लिही’ या वाक्याचे मोल किती असते, ते सांगायला ही दोन उदाहरणे पुरेत.

तेव्हा आमची सूचना अशी. ही गोष्ट सांगावीच, पण तिला तीन तास द्यावेत. पहिल्या तासाला लोखंडाचा कीस आणि जीवाणूंची तुलना. दुसऱ्या तासाला काड्या-मातीचे रेणू, सलाइन आणि अभिक्रियाशीलता श्रेणी. तिसऱ्या तासाला केवळ आकडे: शंभर चिंचोके घ्यावेत, ४६ एका बाजूला आणि ५४ दुसऱ्या बाजूला मांडून मधला फरक मुलांना हातात धरू द्यावा. वर्गात एखाद्याच्या घरी हा आजार असू शकतो, हे ध्यानात ठेवून बोलावे. आणि कोणाच्या उपचाराविषयी सल्ला देण्याच्या फंदात पडू नये, ते डॉक्टरांचे काम.

त्या मुलाला आम्ही पुढच्या आठवड्यात थांबवून घेतले. त्याच्या आजोबांच्या कागदपत्रांतले आम्हाला काहीच ठाऊक नव्हते, आणि तसे आम्ही त्याला स्पष्ट सांगितले. मग चिंचोके मांडले. वृषणाच्या कर्करोगाचे वेगळे, गर्भाशयमुखाचे वेगळे, तोंडाचे वेगळे. तो बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. शेवटी म्हणाला, “म्हणजे औषध दिलं, त्यात घरच्यांचं काही चुकलं नव्हतं ना?”

आम्ही म्हणालो, “नाही.” एवढे उत्तर देता यावे यासाठी ती मधली पाने वाचावी लागली.